साडेअकराची घंटा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि 'भूत' ह्या शब्दावर तर आजही नाही. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये... चिडून सांगतेय.

मागच्या महिन्यात ह्याच सदरात एका वाचकानं 'सौंसरकडची ऐकीव गोष्ट' म्हणून एक अनुभव लिहिला होता. पडकी शाळा, अमावास्या, मुसळधार पाऊस, आपोआप वाजणारी घंटा, घंटेखाली पांढऱ्या लुगड्यातली मेलेली बाई, आणि तिच्या डोक्यावर फांदीवर बसलेलं घुबड. खाली लोकांच्या प्रतिक्रिया — 'अंगावर काटा आला', 'वातावरण काय जमलंय'. जमणारच. ते जमवण्याचं काम चाळीस वर्षं चालू आहे. ती शाळा माझी होती. ती बाई माझ्या ओळखीची. आणि पावसाचा त्या दिवशी एक थेंबही नव्हता.

म्हणून आता मीच लिहिते. मी मूळची पांढुर्ण्याची, मध्य प्रदेशातल्या पण मराठी बोलणाऱ्या भागातली. घरी कापूस आणि संत्र्याचा बगीचा. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी सौंसर तहसिलीतल्या एका मराठी शाळेत मास्तरीण होते. मोहगाव आणि लोधीखेड्याच्या मधलं एक गाव — नाव देत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत. सौंसरला खोली घेतली होती, सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. सोबत नागपूर विद्यापीठातून बाहेरून एम.ए. करत होते, आणि कथेच्या पेपरसाठी विषय घेतला होता भयकथा — प्रतीकं आणि उत्कंठा ह्यांच्यातून वातावरण कसं तयार होतं. गंमत म्हणा किंवा नशीब म्हणा.

माझी एक वही होती. तिच्यात मी अशा कथा उसवून ठेवायचे. बंद दार म्हणजे लपवलेलं पाप. पडकं घर म्हणजे घरातल्या माणसांचं पडलेलं मन. आरसा आला की समजायचं, आता माणूस स्वतःलाच भिणार. लेखक भूत कधी पहिल्या पानावर दाखवत नाही. आधी कंदील विझवतो, मग कुत्रं रडवतो, मग वाक्य अर्ध्यात तोडतो... आणि उरलेलं काम वाचणाऱ्याचं मन करतं. मी शाळेत डबा खाताना हे सगळं ठोंबरे सरांना समजावून सांगायचे. ठोंबरे सर चौथी-पाचवीला शिकवायचे, पन्नाशीचे, स्वभावानं गरीब, आणि त्यांना कथा लिहायची भारी हौस. ते मन लावून ऐकायचे. मी म्हणायचे, "सर, ह्या गोष्टीत भूत नसतेच. भुताचं सामान असते फक्त." त्यांनी हे वाक्य लिहून घेतलं होतं.

शाळा म्हणजे तीन खोल्या, पुढे ओसरी, वर कवेलूचं छप्पर. मागची खोली मातीच्या भिंतींची, तिथे माझा तिसरीचा वर्ग भरायचा. अंगणात कडुनिंब, त्याच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला — तीच घंटा. एका लोखंडी दांड्यानं ती वाजवायची.

ती वाजवायची सायत्राबाई. पस्तिशीच्या आसपासची, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बौद्ध मोहल्ल्यात एकटी राहायची. शाळा झाडायची, विहिरीचं पाणी आणून माठ भरायची, घंटा द्यायची. शाळेतली सगळी पोरं तिला नावानिशी ठाऊक. कोणाच्या पायात काटा आहे, कोण सकाळी न जेवता आलं, हे तिला माझ्याआधी कळायचं. बोलणं मात्र तोडून.

ती मागची भिंत पहिल्यांदा मला तिनंच दाखवली.

"बाई, इकडे या. ह्या भिंतीले पोट आलं, पाहा."

खरंच आलं होतं. भिंत मधोमध आत फुगलेली, आणि वर मयालीच्या, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडाच्या, टोकापासून खालपर्यंत बोट जाईल अशी भेग. मी हेडमास्तरांना लिहून दिलं. त्यांनी वर पाठवलं. काही झालं नाही. पुन्हा लिहून दिलं, पुन्हा वर गेलं. तिसऱ्या वेळी हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही पोरायले जरा अलीकडं बसवत जा." मी पोरांच्या बसायच्या पट्ट्या हातभर अलीकडे ओढल्या. एवढाच काय तो बंदोबस्त.

मग माठाचा विषय निघाला. गावातल्या काही घरांना सायत्राबाईनं भरलेलं पाणी आपल्या पोरांनी पिणं चालत नव्हतं. हे कोणी तोंडानं म्हटलं नाही. ओसरीवर बैठक झाली तेव्हा म्हटलं गेलं की झाडझूड नीट होत नाही, ती वेळेवर येत नाही, उलट बोलते. सगळं खोटं. ती माझ्या बसच्या आधी शाळेत असायची. हेडमास्तर जमिनीकडे पाहत होते. ठोंबरे सरांनी घसा खाकरला आणि गप्प बसले. मी... मी माझ्या वहीत पाहत होते. मला सगळं माहीत होतं आणि मी काही बोलले नाही. बाकीच्यांवर रागावण्याआधी हे लिहून ठेवते, नाहीतर माझ्या रागाला काही अर्थ नाही.

सायत्राबाई दारात उभी होती. तिला जा म्हणून सांगितलं तेव्हा ती फक्त एवढं बोलली, "माठाचं तुमी पाहा. पण बापा, त्या भिंतीचं पयले पाहा. पोरायवर येईन ते." मग घराला कुलूप लावून ती पांढुर्ण्याला भावाकडे निघून गेली.

आता तो दिवस.

ती गेल्याला महिना झाला असेल. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात चालू होती. पटावर पस्तीस पोरं, पण बरीचशी आईबापांबरोबर वावरात, त्या दिवशी वर्गात बावीस. ऊन स्वच्छ पडलेलं, वारा नाही. पलीकडच्या बगीच्यात संत्री रंगावर आलेली, शेजारच्या वावरात बाया बोलत-हसत कापूस वेचत होत्या, त्यांचा आवाज वर्गात येत होता. कुत्रं रडलं नाही. कावळा ओरडला असेल, तो रोजच ओरडतो. मला अशुभ, जड, विचित्र असं काहीही वाटत नव्हतं. मला खरं म्हणजे भूक लागली होती.

मी शुद्धलेखन सांगत होते. हेडमास्तर मीटिंगसाठी सौंसरला गेले होते. सायत्राबाई गेल्यापासून घंटा तेच द्यायचे, आणि पोरं खेळतात म्हणून दांडा आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवायचे. कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. त्यामुळे त्या दिवशी घंटा होणार नव्हती. ठोंबरे सर घड्याळ पाहून ओसरीवरून 'तास संपला' म्हणून हाक मारणार, असं सकाळीच ठरलं होतं.

साडेअकरा वाजले असतील. आणि घंटा वाजू लागली.

तासाची घंटा दोन टोल. ही सुट्टीची होती — लागोपाठ, जोरात, थांबतच नव्हती. पोरं काय, पाट्या टाकून पळाली बाहेर. दुसऱ्या खोल्यांतलीही निघाली. मला राग आला. कोणातरी गाववाल्याचा आगाऊपणा, असंच वाटलं. मी तरातरा ओसरीवर आले.

कडुनिंबाखाली सायत्राबाई उभी होती. रोजचंच हिरव्या काठाचं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, हातात तो दांडा. माझ्यापासून पंधरा पावलांवर, उन्हात. तिची सावली पडली होती की नाही हे मला नंतर शंभर जणांनी विचारलं. मी पाहिलं नाही. ओळखीच्या माणसाची सावली कोण पाहतं?

मी म्हटलं, "सायत्राबाई, तुमी कवा आल्या? अन् सुट्टी कोणं देली?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागे वर्गाच्या दाराकडे पाहत होती. म्हणाली, "रंजना आत हाये. तिले काढा, बाई."

आवाज तिचाच. तसाच तोडून बोललेला. मी वळून पाहिलं तर खरंच रंजना आत होती. आठ वर्षांची पोर, भिंतीजवळ पट्टीखाली हात घालून काहीतरी शोधत होती. मी आत गेले, तिला दंडाला धरून ओढलं. ती रडायला लागली, "बाई, माही पेन्सिल..." मी तिला ओढतच बाहेर आणलं, थोडी रागानंच. ओसरीच्या पायरीवर आलो असू, आणि पाठीमागून आधी धूळ आली. आवाज नंतर आला. भिंत आत पडली, तिच्यासोबत मयाल, आणि मयालीसोबत अर्धं छप्पर. जिथे पोरं बसत होती तिथे कवेलूंचा आणि मातीचा ढीग झाला. पट्ट्या हातभर अलीकडे ओढून काही फरक पडला नसता.

मी पोरं मोजली. बावीस. पुन्हा मोजली. ठोंबरे सरांनी त्यांची मोजली. एकालाही खरचटलं नव्हतं.

मग मी कडुनिंबाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मला त्यातही काही वाटलं नाही. म्हटलं, गेली असेल आपल्या घरी, आमच्यावर रागावलेलीच आहे. धावत आलेल्या आयांना मी एकेकीला सांगत होते, सायत्राबाईनं घंटा दिली, तिनं वाचवलं. रंजनाही सांगत होती की तिला सायत्राबाई दिसली. बाकीच्या पोरांतली काही म्हणत होती पाहिली, काही म्हणत होती नुसती घंटा ऐकली.

दुपारी हेडमास्तर आले. माझं ऐकून त्यांनी आधी कपाट उघडलं. दांडा आत होता. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, सायत्राबाई पांढुर्ण्याले आहे. आठ दिवसांपासून तापानं पडून आहे. तिचा भाऊ कालच मले सौंसरच्या स्टँडवर भेटला."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पण ती भीती किती साधी होती हे मला पुढच्या चार दिवसांत कळलं.

पहिल्या दिवशी गावात म्हणत होते, 'पोरं वाचली.' दुसऱ्या दिवशी म्हणू लागले, 'भिंत पडली.' तिसऱ्या दिवशी, 'तिनं पाडली.' ती जाताना जे बोलली होती — भिंतीचं पाहा, पोरांवर येईल — तो आता शाप झाला. वर्षभर रोज झाडू मारता मारता जिनं ती भेग पाहिली, तिची सूचना शाप झाली, आणि ज्यांनी तीन वेळा कागद दाबला त्यांच्याबद्दल कोणी बोलेना. ह्याच्या मुळाशी होते मी. कारण ती तिथे होती ह्याची साक्ष माझीच. सरपंच मला ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमीच सांगून राहिल्या का ते तिथं उभी होती. पांढुर्ण्याले खाटेवर पडलेली बाई इथं कशी काय येते? चांगली बाई अशी येते का?"

 

त्याच दिवशी काही लोकांनी तिच्या घराचं कुलूप तोडलं. करणीचं सामान शोधायला. आत एक चूल, चार भांडी, भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर आणि दोरीवर एक लुगडं. काही सापडलं नाही, म्हणून आणखीच संशय आला. दाराला बोराटीच्या काट्या लावून आले.

रविवारी मी पांढुर्ण्याला गेले. आईबाबांना न भेटता सरळ सायत्राबाईच्या भावाच्या घरी. भाऊ नगरपालिकेत पाण्याच्या पंपावर होता. सायत्राबाई खाटेवर पडलेली, गाल बसलेले, ओठ सोललेले. तिला आधाराशिवाय उठता येत नव्हतं. तिला काही विचारण्याआधी मी तिच्या भावजयीला त्या दिवसाचं विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी तं अकरा वाजता कंपाउंडर आला होता. सलाइन लावली. दोन वाजेपावतर चालू होती. हात हलवून राहिली होती म्हणून मीच हात धरून बसली होती."

"कोणता हात?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"उजवा," ती म्हणाली.

मग मी सायत्राबाईला सगळं सांगितलं. घंटा, लुगडं, रंजना, भिंत. ती डोळे मिटून ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "पोट्टे सारे आहेत?"

"आहेत."

"रंजना?"

"आहे. पेन्सिलीसाठी रडते अजून."

ती डोळे उघडून माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी काहून येऊ तिथं? मले तं तुमी हाकललं."

'तुमी' म्हणाली. 'त्यांनी' नाही म्हणाली. मी म्हटलं, "माफ करा, सायत्राबाई. मी बोलाले पाह्यजे होतं."

"आता म्हणून काय होते," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "मले काही आठवत नाही, बाई. मी झोपून होती. गेली असंन तं पोरायसाठी गेली असंन. तुमच्या शाळेसाठी नाही."

तिला काही स्वप्न पडलं होतं का, ती तापात काही बोलली का, हे मी खोदून खोदून विचारलं. नाही. तिच्या हाताला फोड, जखम, काही? मी स्वतः पाहिलं. काही नव्हतं. माझ्या वहीतल्या एकाही गोष्टीत असं घडत नाही. तिथे काहीतरी खूण उरतेच.

गावातलं ऐकून तिचा भाऊ घाबरला. त्याच्या मुलीची लोधीखेड्याला सोयरीक ठरत होती. सायत्राबाईच बोलली, "करणीवालीची भाची कोण करन? बाई, तुमी असं करा... चौकशी होईन तं सांगा का घंटा तुमीच वाजवली."

"पण ते खरं नाही."

"खरं कोणाले पाह्यजे?" ती म्हणाली. "खरं तं भिंत होती. ते कोणं पाह्यली?"

पुढच्या आठवड्यात दोन साहेब जीपनं आले. ओसरीवर खुर्च्या मांडल्या. "मॅडम, घंटी किसने बजाई?" मी म्हटलं, "मैंने." कशानं वाजवली? दगडानं. का? भिंत हलताना दिसली म्हणून. ते लिहून घेत होते. तेवढ्यात रंजना, जिला साक्षीसाठी आणून बसवलं होतं, म्हणाली, "बाई, तुमीच तं बोलून राहिल्या होत्या तिच्यासंग."

मी त्या पोरीकडे पाहून म्हटलं, "तुले भास झाला, बेटा."

तिचा चेहरा मी विसरले नाही. आठ वर्षांच्या पोरीनं जे डोळ्यांनी पाहिलं ते मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं. ती पुन्हा माझ्याशी मोकळी बोलली नाही. चौथीत गेली तेव्हा वाटेत दिसली तर मान खाली घालायची.

खोट्याचा उपयोग झाला, हे मात्र मान्य करते. साहेबांच्या कागदावर सायत्राबाईचं नाव आलं नाही. गावातली कुजबुज कमी झाली, भाचीचं लग्न व्यवस्थित पार पडलं. मला परवानगीशिवाय शाळेला सुट्टी दिल्याबद्दल लेखी जाब विचारला गेला. आणि चौकशीचा निकाल काय लागला? अवकाळी पाऊस आणि वादळ ह्यामुळे भिंत कोसळली, कोणाचाही दोष नाही. मी हेडमास्तरांना विचारलं, "सर, पाऊस कवा झाला?" ते म्हणाले, "जाऊ द्या ना, बाई. नवीन खोल्या मिळून राहिल्या."

मला वाटलं इथे संपलं. पुढच्या दिवाळीत ठोंबरे सरांनी नागपूरच्या एका दिवाळी अंकाची प्रत माझ्यासमोर ठेवली. त्यांची पहिली छापून आलेली कथा. चेहरा लहान मुलासारखा झालेला. मी तिथेच उभ्या उभ्या वाचली. तिच्यात अमावास्या होती, पाऊस होता, घुबड होतं. शाळेचं दार आपोआप उघडत होतं. घंटा वाजवणारी बाई पांढऱ्या लुगड्यात होती, तिच्या हाताला फोड होते, आणि शेवटच्या ओळीत कळत होतं की ती महिनाभरापूर्वीच मेली आहे. गावाचं नाव बदललेलं, पण इतकं थोडं की आंधळ्यालाही ओळखू यावं. माठाबद्दल एक शब्द नाही. भेगेबद्दल एक शब्द नाही. आणि खरं सांगते, कथा चांगली होती. घुबड योग्य जागी बसवलेलं. वाक्यं योग्य जागी तोडलेली. सगळं माझ्याकडूनच शिकलेलं.

मी म्हटलं, "सर, ते साडेअकराले झालं. उन्हात."

"बाई, साडेअकराले कोणाले भेव वाटते? थोडं वातावरण लागते ना. तुमीच तं सांगत होत्या."

"अन् तिले मारून कशाले टाकलं? ते जिवंत आहे."

ठोंबरे सर खरंच गोंधळले. म्हणाले, "जिवंत बाईत सस्पेन्स कसा येईन?"

मी अंक त्यांच्या टेबलावर ठेवला आणि वर्गावर गेले. त्या वर्षी मी पेपरचा विषय बदलला. बदलून ओव्या घेतल्या. 

ठोंबरे सर वाईट नव्हते, हे पुन्हा लिहिते. पण पाऊस त्यांच्या कथेत होता आणि पाऊस सरकारी कागदातही होता. आकाशात तेवढा नव्हता. दोघांना पाऊस एकाच कामासाठी लागला. पावसात भिंतीची भेग दिसत नाही. घुबडाकडे पाहणारा माणूस माठाकडे पाहत नाही. प्रतीक म्हणजे काय हे मला एम.ए.च्या पुस्तकांतून जितकं समजलं नव्हतं तितकं तेव्हा समजलं. बाईच्या जागी सावली ठेवली की बाईला काय झालं हे विचारायची गरज उरत नाही.

अंक गावात पोचला. ज्यांनी वाचला नाही त्यांनी ऐकला. दोन-तीन वर्षांत लोकांना हेच आठवू लागलं की सायत्राबाई आधीच मेली होती. त्या गावात ती कधी परतली नाही, त्यामुळे मेली म्हणायला कोणाची हरकतही नव्हती. माझी बदली मोहगावला झाली. एकदा त्या शाळेवर काही कामानं गेले तर नव्या खोल्या झालेल्या, आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी एक शेंदूर लावलेला दगड, त्याच्यापुढे फोडलेला नारळ. मी शाळेतल्या नव्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घंटावाली माय. पोरायचं रक्षण करते. परीक्षेच्या वेळी आया नारळ फोडतात." ज्या घरांना तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच घरांतल्या आया. मेलेली असली की चालते.

स्पष्टीकरणाचं विचाराल तर माझ्याकडे नाही. मी स्वतःला सगळे प्रश्न विचारून झाले. भास म्हणावा तर रंजनाला आणि आणखी चार पोरांना तोच भास कसा? घंटा तर सगळ्यांनी ऐकली, ठोंबरे सरांनीही. दुसरी कोणी बाई म्हणावी तर तिला रंजना आत आहे हे कसं ठाऊक? माझ्याच मनात भिंतीची धास्ती होती, तीच बाहेर आली, असं एका डॉक्टरांनी मला समजावलं. असेल. पण माझ्या मनानं रुळावर लोखंड कसं वाजवलं, हे त्यांना सांगता आलं नाही. बौद्ध मोहल्ल्यातले एक म्हातारे गुरुजी होते, ते म्हणाले, "बाई, आमी हे मानत नाही, तुमी पण मानू नका. पण झालं ते झालं." त्याच्यापुढे मी गेलेली नाही.

सायत्राबाई पुढे पांढुर्ण्यातच एका अंगणवाडीत मदतनीस झाली. बरीच वर्षं काम केलं. आता पंच्याहत्तरीची आहे, भाचीजवळ राहते, ऐकायला कमी येतं. पांढुर्णा आता जिल्हा झाला, त्याचं तिला कौतुक आहे. मी माहेरी गेले की तिच्याकडे जाते. चहा पिते. त्या दिवसाबद्दल आम्ही क्वचित बोलतो, आणि बोललो तरी ती तेवढंच म्हणते — आठवत नाही.

मागच्या महिन्याचं हे सदर घेऊन मी तिच्याकडे गेले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. अमावास्या, पाऊस, घुबड, सगळं. ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती. मधेच एकदा म्हणाली, "पांढरं लुगडं मी कवा नेसली?" मी म्हटलं, सायत्राबाई, ह्याला उत्तर लिहू का? नाव बदलून लिहीन. तुम्ही म्हणाल तरच.

तिनं विचार केला. सोललेले दाणे ताटात एका बाजूला सारले.

"लिहा," ती म्हणाली. "सारं लिहा, माठाचं पण लिहा. पण बाई, तुमी तरी मले मारू नका. सारेच मारून राहिले. मी जित्ती हावो म्हणून लिहा."

म्हणून लिहिलं.